कॉल लागतो पण आवाज धड येत नाही: सिप ॲपमधले कोडेक कसे तपासायचे आणि कसे लावायचे

लिनफोन, मायक्रोसिप, झोइपर अशा सिप ॲपवर जे ऑफिसचे फोन चालवतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. सिप म्हणजे नेटवरून फोन लावायची आणि उचलायची ठरलेली पद्धत. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, पांढरकवडा, मारेगाव या पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, जिनिंग आणि शाळांचे कॉम्प्युटर-फोन सांभाळायचं माझं काम आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार सारखी येते, आणि जवळजवळ दरवेळी उपाय त्याच चार-पाच जागी सापडतो. व्हॉट्सॲप आणि गूगल मीटमध्ये कोडेक निवडायची सोय नसते, ती ॲप आपलं आपण ठरवतात. त्यामुळे ते वापरणाऱ्यांना यातला फक्त नेटचा भाग कामाचा आहे.

कोडेक म्हणजे बोलणं किंवा चित्र नेटवरून पाठवण्याआधी दाबून लहान करायची आणि पलीकडे पुन्हा उलगडायची पद्धत. दोन्हीकडे तीच पद्धत हवी. ॲपमध्ये कोडेकची लांबलचक यादी दिसते आणि सगळ्यांवर टिक असली की बरं, असं वाटतं. खरं उलटं आहे. दोन्ही टोकांना आणि मधल्या सर्व्हरवर तीच लहानशी यादी, त्याच क्रमाने, एवढं झालं की निम्म्या भानगडी मिटतात.

लक्षणं

आपली तक्रार आधी यात शोधा. लोक ज्या शब्दांत सांगतात त्याच शब्दांत लिहितो, कारण तुम्हालाही फोनवर हेच ऐकू येणार आहे.

• "रिंग जाते, समोरचा उचलते, की लगेच कट." स्क्रीनवर ४८८ हा आकडा किंवा 'नॉट ॲक्सेप्टेबल हिअर'. दोघांच्या यादीत एकही कोडेक सामाईक नाही. क्वचित असंही असतं की एकीकडे एन्क्रिप्शन (बोलणं कुलूपबंद करून पाठवणं) सक्तीचं आहे आणि दुसरीकडे ते बंद आहे.

• "मी लावला तं झकास, त्यायनं लावला तं खरखर. असं काहून?" हा यादीतल्या क्रमाचा दोष.

• "सकाळी बरा रायते, संध्याकाळी रोबोटवाणी होते." हा नेटवरचा ताण. कोडेक बदलून त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही.

• "भाऊ, तिकडला आवाज येऊन राहिला, माहा जाऊनच नाही राहिला." बहुतेक वेळा कोडेकचा काही दोष नसतो. माइकची परवानगी किंवा राउटर बघा.

• "आवाज ठीक, व्हिडिओ काळा." किंवा हिरवा, किंवा चित्र गोठलेलं.

• "एक दाबा म्हणते, दाबलं तरी काहीच होत नाही."

• "बोलणं सुरू होते आन् अर्ध्या मिनिटानं कट." घड्याळ लावून बघा. ३२ सेकंदांच्या आसपास कट होत असेल तर कोडेकला हात लावू नका. कॉल उचलल्याची पोचपावती पलीकडे पोचत नाही, म्हणून ते यंत्र ठरलेला वेळ वाट बघून कॉल तोडतं. सरळ खाली 'एकाच बाजूचा आवाज' या भागात राउटरबद्दल लिहिलंय तिकडे जा.

• "मोबाइलच्या डेटावर लागते, ऑफिसच्या लाइनवरून लागतच नाही." यादी फार लांब झाल्याचं हे एक लक्षण असू शकतं. कारण पुढे सांगतो.

आणि एक लक्षण असं आहे की ते तक्रार म्हणून कोणी सांगतच नाही. संकलन केंद्रावरची ताई ऑफिसला फोन करून कापसाचा भाव विचारते. ऑफिसमधून सांगतात, "सात हजार साठ." ती वहीत लिहिते, सात हजार आठ. नंतर वजनाच्या पावत्या जुळत नाहीत आणि दोष ताईच्या कानाला लागतो. कान तिचा ठीक असतो. जुन्या टेलिफोनच्या पद्धतीचे कोडेक सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतात. 'स'च्या उच्चारातला मोठा भाग याच्या वर असतो, तो वाटेतच गळतो, आणि 'साठ'चा 'आठ' होतो. एका क्विंटलला ५२ रुपयांचा फरक. भाव, वजन, औषधाचं प्रमाण, खाते क्रमांक ज्या फोनवर सांगितले जातात तिथे "ऐकू येते ना, मग झालं" म्हणून भागत नाही.

आधी फुकटातल्या गोष्टी

ब्लूटूथ हेडफोन काढून साधा वायरचा लावून बघा. माइक चालू झाला की ब्लूटूथ हेडफोन गाण्याची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर जातो, आणि जुन्या किंवा स्वस्त हेडफोनमध्ये ती पद्धत पुन्हा त्याच अरुंद आवाजाची असते. तुम्ही ॲपमध्ये कितीही चांगला कोडेक लावा, हेडफोनपाशी येऊन आवाज डब्यातून आल्यासारखा होणार. या एका तपासणीने पुष्कळांचं काम होऊन जातं.

मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपला माइकची परवानगी आहे का ते बघा. अँड्रॉइड बरेच दिवस न वापरलेल्या ॲपची परवानगी आपोआप काढून घेतो. हंगाम संपल्यावर ॲप पडून राहिलं असेल तर हे हमखास होतं. बॅटरी वाचवायच्या यादीतूनही ॲप बाहेर काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर येणारा कॉल वाजतच नाही.

सर्व्हरवर प्रतिध्वनीचा नंबर असेल तर तो लावा. फ्रीपीबीएक्स या फोन-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर तो स्टार ४३ असतो. तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येतो. तो स्वच्छ आला तर तुमचा फोन, तुमचं नेट आणि सर्व्हरपर्यंतचा रस्ता ठीक आहे, आणि बिघाड पलीकडच्या टोकाला आहे. उगाच स्वतःच्या फोनच्या सेटिंग उसकटत बसायला नको.

नेट तपासा, पण डाउनलोडचा आकडा बघू नका

स्पीड टेस्ट लावली की लोक वरचा मोठा आकडा दाखवतात. कॉलला तो फारसा लागत नाही. लागतो तो अपलोड, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅकेट (नेटवरून आवाज ज्या लहान तुकड्यांत जातो ते) गळतात किती आणि उशिरा येतात किती.

कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. पहिल्यांदा राउटरच्याच पत्त्यावर शंभर पिंग (पोचलं की उत्तर आणणारी चाचणीची पॅकेट) सोडा आणि मग सर्व्हरच्या पत्त्यावर शंभर. हाच क्रम ठेवा, त्याला कारण आहे. राउटरपर्यंतच पॅकेट गळत असतील तर दोष तुमच्या वायफायचा. गोदामाला चारी बाजूंनी पत्रा असेल तर वायफाय आणि मोबाइल दोन्हींचे सिग्नल तो अडवतो. राउटर उघड्या जागी आणा किंवा त्या खोलीपर्यंत केबल ओढा. राउटरपर्यंत सगळं स्वच्छ आणि पुढे गळती, तर दोष बाहेरच्या लाइनचा आहे.

शंभरातली एक-दोन पॅकेट गळाली तर चांगला कोडेक ते झाकून नेतो. पाचच्या वर जात असेल तर कोणताही कोडेक तुम्हाला वाचवणार नाही. उशिराचं म्हणाल तर एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलताना जाणवत नाही. त्याच्या बराच वर गेला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात.

ही तपासणी तक्रारीच्या वेळीच करा. संध्याकाळी सात-आठला गावात सगळे फोन हातात घेऊन बसतात आणि टॉवरवर ताण येतो. सकाळी दहाला केलेल्या पिंगवरून त्याचं काही कळत नाही. आणि लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर जाताना बंद पडून पुन्हा सुरू होतो का, तेही एकदा बघा. तेवढ्यात फोन मोबाइल डेटावर जातो आणि चालू कॉल तुटतो. लोक हा दोषही ॲपच्या माथी मारतात.

चालू कॉलमध्ये कोणता कोडेक लागलाय ते बघा

काहीही बदलण्याआधी हे करा. लिनफोनमध्ये कॉल चालू असताना आकडेवारीचा पडदा उघडता येतो. तिथे कोडेकचं नाव, जाणारा-येणारा वेग आणि गळती दिसते. एक कॉल तुम्ही लावा आणि नाव लिहून घ्या. मग पलीकडच्याला लावायला सांगा आणि पुन्हा नाव लिहून घ्या.

दोन्ही वेळा वेगळं नाव आलं तर "मी लावला तं झकास" याचं उत्तर मिळालं. कॉल लावणारा आपली यादी पाठवतो, उचलणारा त्यातून आपल्याला जमणारं निवडतो आणि शक्यतो लावणाऱ्याचाच क्रम पाळतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यादीत सर्वात वर ओपस हा नवा कोडेक आहे आणि ताईच्या फोनवर जीएसएम हा जुना, अरुंद आवाजाचा, तर ऑफिसने लावलेला कॉल ओपसवर जाणार आणि ताईने लावलेला जीएसएमवर. दोन्ही फोन चांगले, नेटही तेच, तरी आवाजात जमीन-अस्मानाचा फरक.

यादी छाटा

सगळ्यात जास्त गुण याच पायरीने येतो, म्हणून इथे घाई करू नका. ॲपच्या सेटिंगमध्ये ऑडिओच्या भागात कोडेकची यादी असते. मायक्रोसिपमध्ये दोन रकाने असतात, एकात उपलब्ध असलेले आणि दुसऱ्यात चालू केलेले. काही ॲपमध्ये क्रम वर-खाली करता येतो, काहींत फक्त चालू-बंद. बदलण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

मी ठेवतो ते असं: सर्वात वर ओपस, त्याखाली पीसीएमए. बाकी सगळं बंद. टेबलावरचे आयपी फोन असतील तर दोघांच्या मध्ये जी.७२२.

ओपस वर का? हा कोडेक २०१२ मध्ये खुल्या मानकाच्या रूपात आला आणि त्याच्या वापराला कोणाची रॉयल्टी द्यावी लागत नाही. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत तो कुठेही चालतो आणि कॉल चालू असतानाच खाली-वर होऊ शकतो. मुख्य म्हणजे १६ ते २० किलोबिटमध्ये तो रुंद आवाज देतो, म्हणजे 'साठ'मधला 'स' पोचतो. जुना जी.७११ त्यासाठी ६४ किलोबिट खातो आणि तरी 'स' पोचवत नाही.

मग पीसीएमए कशाला ठेवायचा? पीसीएमए म्हणजे जी.७११चाच ए-लॉ प्रकार. हे १९७२ चं मानक आहे, आणि सिपचं जे काही यंत्र तुम्ही हातात घ्याल त्यात ते असतंच. ओपस जमला नाही तर निदान यावर कॉल लागतो. आपल्याकडच्या टेलिफोनच्या जाळ्यात ए-लॉच चालतो. याचा भाऊ पीसीएमयू अमेरिका आणि जपानकडचा. तिकडे बोलायचं नसेल तर तो बंद केला तरी चालतो.

जी.७२२ हा १९८८ चा, रुंद आवाजाचा, पण ६४ किलोबिट घेतो. ऑफिसच्या आतल्या केबलवर उत्तम, मोबाइल डेटावर नको. यादीत त्याच्यासमोर ८००० लिहिलेलं असतं, त्यामुळे तो अरुंद आवाजाचा समजून लोक बंद करतात. तो खरा १६००० चा आहे. जुन्या मानकात तो आकडा चुकीचा छापला गेला आणि सगळ्यांची यंत्रं त्यावरच बनल्यामुळे तसाच राहिला. उलट ओपससमोर कायम ४८००० दिसतं, म्हणून तो डेटा जास्त खातो असंही नाही.

जी.७२९ बद्दल नेहमी विचारतात. तो ८ किलोबिटचा आहे, त्याची पेटंट २०१७ मध्ये संपली, त्यामुळे आता तो पुष्कळ ठिकाणी मोकळा मिळतो. पण आवाज अरुंदच. पलीकडच्या जुन्या यंत्राला दुसरं काही येतच नसेल तरच ठेवा. स्पीक्सच्या जागी आता ओपसच आला आहे, तो बंद. जीएसएम, आयएलबीसी बंद. एल१६ म्हणजे न दाबलेला आवाज, तो तर नक्कीच बंद.

आता लांब यादीने कॉल लागतच नाही असं का होतं ते. कॉल लावताना ॲप पहिला जो निरोप पाठवतं त्यात ही सगळी यादी लिहून जाते. व्हिडिओचे कोडेक आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या धरून तो निरोप मोठा होतो. नेटवर एका पॅकेटात साधारण १५०० बाइट मावतात, फायबरच्या काही जोडण्यांवर १४९२. निरोप याच्या वर गेला की त्याचे तुकडे होतात, आणि पुष्कळ राउटर यूडीपीने (पोचपावती न घेता पाठवायच्या पद्धतीने) पाठवलेले असे तुकडे पुढे जाऊ देत नाहीत. तुमच्या स्क्रीनवर नुसतं 'कॉलिंग' दिसत राहतं, पलीकडे रिंगच वाजत नाही. १३०० बाइटच्या वरचा निरोप टीसीपीने (पोचपावती घेऊन पाठवायच्या पद्धतीने) पाठवावा असं सिपच्या मानकातच लिहिलं आहे, पण सगळी ॲप ते पाळत नाहीत. म्हणून यादी छाटा आणि खात्याच्या सेटिंगमध्ये ट्रान्सपोर्ट टीसीपी किंवा टीएलएस (कुलूपबंद टीसीपी) करा. ही दोन्ही कामं फुकट आहेत.

यादी दोन्ही टोकांना छाटली ना, हे डोळ्यांनी बघा. "तिकडं केलं भाऊ" यावर विसंबू नका. फोटो मागवा.

ओपसची आतली बटणं

बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, २४ किलोबिट ठेवा. नेट फारच बारीक असेल तर १६. त्याखाली उतरलात तर आवाज पुन्हा अरुंद होतो आणि 'साठ-आठ'चा प्रश्न परत येतो.

एफईसी नावाचं बटण असेल तर चालू करा. यात प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या पॅकेटची ढोबळ प्रत जाते, म्हणजे एक गळालं तरी पुढच्यावरून भरून काढता येतं. नेट बघून हा वेग कमी-जास्त करणारं 'ॲडॅप्टिव्ह रेट कंट्रोल' चालू ठेवा. शांततेत पॅकेट न पाठवायचं बटण, व्हीएडी किंवा डीटीएक्स, मी बंदच ठेवतो. जिनिंगच्या आवाजात त्याला शांतता कधी सापडतच नाही, आणि शांत खोलीत ते हळू बोलणाऱ्याच्या शब्दाची सुरुवात खातं.

पॅकेटची लांबी २० मिलिसेकंद असते, ती तशीच राहू द्या. प्रत्येक पॅकेटला ४० बाइटचं वेष्टन लागतं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट धरून १६ किलोबिट नुसत्या वेष्टनाचे. म्हणून २४ चा ओपस प्रत्यक्षात ४० खातो आणि ६४ चा जी.७११ खातो ८०. दोन्ही दिशा धरल्या तर तासाला ओपसचे सुमारे ३६ एमबी, जी.७११चे ७२. लांबी ४० केली तर वेष्टनाचा खर्च निम्मा होतो, पण एक पॅकेट गळालं की दुप्पट बोलणं जातं. गळती नाही पण वेग अगदीच कमी आहे, अशा जागीच ते करा.

बटण दाबलं तरी पलीकडे कळत नाही

बटणाचा सूर आवाजातूनच पाठवला जात असेल तर जी.७२९ किंवा जीएसएम तो मोडून टाकतात, कारण हे कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बनलेले आहेत. सेटिंगमध्ये डीटीएमएफची (बटणांच्या सुरांची) पद्धत 'आरएफसी २८३३' करा. मग बटण आवाजात न मिसळता वेगळी खूण म्हणून जातं. २००६ मध्ये त्याच्या जागी ४७३३ हा नवा क्रमांक आला, पण ॲपमध्ये अजून जुनंच नाव दिसतं; काम तेच. हे सर्व्हरवरही तसंच हवं. फॅक्सही असल्या दाबलेल्या कोडेकवरून जात नाही, त्यासाठी झगडू नका.

व्हिडिओ

व्हिडिओ पूर्ण बंद करून आवाज सुधारतो का ते आधी बघा. सुधारला तर अपलोड पुरत नाही, कोडेकचा प्रश्न नाही.

व्हिडिओ लागणारच असेल तर ६४० बाय ४८०, सेकंदाला १५ चित्रं, ५०० किलोबिटची मर्यादा. एवढ्यावरही तासाला दोन्ही दिशांनी साधारण ४५० एमबी जातात, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये सव्वातीन तास. पिकावरची कीड दाखवायला एवढं चित्र पुरतं. पान जवळून, उजेडात, हात स्थिर ठेवून धरायचं. हात हलला की चित्र फुटतं, कारण हललेला सगळा भाग नव्याने पाठवावा लागतो.

कोडेकमध्ये एच.२६४ आणि व्हीपी८ हे दोनच. बहुतेक फोनमध्ये एच.२६४ साठी वेगळा हार्डवेअरचा भाग असतो, त्यामुळे बॅटरी कमी लागते. एच.२६५ आणि एव्ही१ बंद करा. नावं नवी आहेत आणि चित्र खरंच कमी डेटात पाठवतात, पण स्वस्त फोनवर ते काम प्रोसेसरवर पडतं, फोन तापतो, आणि तापलेला फोन स्वतःला हळू करतो तेव्हा आवाजही तुटायला लागतो.

काळा पडदा: कॉम्प्युटरवरचं लिनफोन एच.२६४ साठी सिस्कोचा ओपनएच२६४ हा भाग परवान्याच्या कारणाने वेगळा डाउनलोड करतं. तो उतरला नसेल तर यादीत नाव दिसतं पण चालत नाही. चांगल्या नेटवर एकदा उतरवून घ्या.

हिरवा पडदा: हार्डवेअरचा वापर बंद करून बघा, नाहीतर एच.२६४ बंद करून फक्त व्हीपी८ ठेवा. व्हीपी८वर चित्र नीट आलं तर दोन फोनच्या एच.२६४च्या प्रकारांत मेळ नाही. टेबलावरच्या जुन्या व्हिडिओ फोनला बेसलाइन हा सर्वात साधा प्रकारच समजतो.

गोठलेलं चित्र: पूर्ण चित्र मधूनमधूनच जातं, बाकी वेळ फक्त बदल जातात. ते पूर्ण चित्र गळालं की पुढचं येईपर्यंत पडदा थिजतो. खात्याच्या सेटिंगमधलं एव्हीपीएफ दोन्हीकडे चालू असेल तर पलीकडचा फोन नवं चित्र लगेच मागवू शकतो.

एकाच बाजूचा आवाज

माइक ठीक आहे आणि कोडेक दोन्हीकडे सारखा आहे, तरी एकच बाजू ऐकू येते. मग ॲपमध्ये स्टन आणि आयसीई चालू करा, फोनचा बाहेरचा पत्ता आणि आवाजाचा चालणारा रस्ता ते शोधतात. मोबाइल डेटावर तुमच्या फोनला बाहेरचा स्वतंत्र पत्ता बहुधा नसतो, अनेकांना मिळून एकच असतो. फोन आपला आतला पत्ता सांगतो आणि पलीकडचा आवाज त्या पत्त्यावर जाऊन हरवतो. त्यानेही जमलं नाही तर आवाज आपल्यामार्फत फिरवून देणारा टर्न सर्व्हर लागतो, तो तुमच्या सेवा देणाऱ्याकडून घ्या.

राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची सोय असते ती बंद करा. मदतीसाठी बनवलेली आहे, पण पुष्कळ राउटरमध्ये ती पत्ते चुकीचे बदलते. ३२ सेकंदांवर तुटणारा कॉलही बहुधा यानेच सुधारतो.

सर्व्हर आणि लॉग

ऑफिसमध्ये स्वतःचा ॲस्टरिस्क (फोन-सर्व्हरचं सॉफ्टवेअर) चालत असेल तर तिथली यादीही तुमच्या ॲपसारखीच हवी. आधी सगळे कोडेक नाकारणारी ओळ आणि तिच्याखाली हवे तेवढेच चालू करणारी ओळ. एका टोकाला फक्त ओपस आणि दुसऱ्याला फक्त पीसीएमए असेल तर सर्व्हरला मध्ये बसून रूपांतर करावं लागतं. ॲस्टरिस्कमध्ये ओपसचं रूपांतर करणारा भाग वेगळा बसवावा लागतो. तो नसेल तर कॉल उचलताच तुटतो. दोन्ही टोकांना ओपस असेल तर त्या भागाची गरजच पडत नाही, सर्व्हर आवाज तसाच पुढे देतो.

ॲपच्या लॉगमध्ये, म्हणजे ॲपने ठेवलेल्या नोंदींत, ऑडिओची ओळ शोधा. ओळीच्या शेवटी आकडे असतात, उदाहरणार्थ ९६ ८ १०१. यात ८ म्हणजे पीसीएमए, ० पीसीएमयू, ३ जीएसएम, ९ जी.७२२, १८ जी.७२९. ९६ पासूनचे आकडे ठरलेले नसतात, कोणता कोणाचा ते त्याच्या खालच्या ओळींत लिहिलेलं असतं. ओपस तिथे सापडेल. बटणांची खूण बहुधा १०१ वर असते. पाठवलेली ओळ आणि उत्तरातली ओळ शेजारी ठेवा. उत्तरात व्हिडिओच्या ओळीत पोर्टच्या जागी शून्य आलं असेल तर पलीकडच्याने व्हिडिओ नाकारला आहे, तुमच्या कॅमेऱ्यात काही बिघाड नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

केबल लावूनही राउटरच्या पुढे गळती दिसत असेल तर ते काम नेट देणाऱ्याचं. पिंगचे दोन्ही निकाल त्याला पाठवा, म्हणजे "तुमचा फोनच खराब आहे" हे उत्तर मिळणार नाही.

स्क्रीनवर ४०३ येत असेल तर खातं किंवा परवानगी अडली आहे. कोडेक बदलून ते सुटणार नाही, सेवा देणाऱ्याला विचारा.

राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडायची वेळ आली की स्वतः करू नका. ५०६० हे पोर्ट नेटवर उघडं दिसलं की परक्या यंत्रांकडून पासवर्ड शोधायचे प्रयत्न सुरू होतात, आणि तुमच्या खात्यावरून परदेशी कॉल जाऊन बिल तुमच्या कंपनीला येतं. फायरवॉल कळणारा माणूसच बोलवा.

सिम कार्डं घालून इंटरनेट कॉल मोबाइलवर वळवणारी पेटी कोणी "स्वस्तात बसवून देतो" म्हणालं तर नाही म्हणा. परवान्याशिवाय असं करणं गुन्हा आहे. बाहेरच्या नंबरांवर बोलायचं असेल तर परवानाधारक कंपनीचीच सेवा घ्या.

वीज पडून राउटर किंवा त्याचा अडॅप्टर जळाला असेल तर नुसता अडॅप्टर बदलून चालू करू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग बघून घ्या.

आणि रुग्ण असेल, साप चावला असेल, आग लागली असेल, तर या ॲपला हात लावू नका. साध्या मोबाइलवरून १०८ किंवा ११२ लावा. इंटरनेट कॉलवरून हे नंबर लागतीलच असं नाही, आणि लागले तरी तुम्ही कुठे आहात ते पलीकडे कळेलच असं नाही. ऑफिसच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

माणूस बोलवताना या गोष्टी तयार ठेवा: दोन्ही टोकांच्या कोडेक यादीचे फोटो, चालू कॉलमधल्या आकडेवारीचा फोटो, पिंगचे निकाल, कॉल कोणी लावला होता, आणि तो नेमका किती वाजता बिघडला. वेळ न चुकता लिहा. सर्व्हरचा लॉग मोठा असतो आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे वेळ माहीत असेल तर बिघाड त्याच दिवशी सापडतो.